रकाना क्रमांक सात

परिपत्रक आलं तेव्हा मी
करवतीच्या पट्ट्याला धार लावत होते.
चोवीस पानं. वर सरकारी गरुड, खाली मुदत:
तीस सप्टेंबर, मध्यरात्रीपर्यंत.
विषय: लाकूड व वनांतील दुय्यम उत्पादनं यांचा
उद्योगांमध्ये काटकसरीने वापर, अनुदानासाठी प्रस्ताव मागवणेबाबत.

हात पुसले, तरी पहिल्या पानावर
राळेचा अंगठा उठलाच.

हार्त्सच्या या उतारावर आता जंगल म्हणजे
नुसत्या काठ्या, करड्या, उभ्या, साल गळालेल्या.
तीन उन्हाळे कोरडे गेले.
स्प्रूसला राळ गाळून भुंगेऱ्याला बुडवायचं
बळ उरलं नाही.
भुंगेरा केवढा? भाताच्या शिताएवढा.

रकाना एक: आस्थापनेचं नाव.
‘ब्योडेकर आणि पुत्र.’
पुत्र हानोवरला विमा विकतो.
मी वीब्के. पाटीवर मला जागा नाही,
कर्जाच्या कागदांवर आहे.

रकाना दोन: मनुष्यबळ.
मी, ओट्टोकार, आणि अलेप्पोचा मुनीर,
जो ओंडका नुसता हुंगून सांगतो
आत गाठ कुठे आहे ते.

रकाना सहा भराभर लिहिला:
भुसा घोड्यांच्या पागेला.
साल कबरस्तानातल्या ताटव्यांना.
कडेच्या वेड्यावाकड्या फळ्या ट्रॉयटलाइनच्या पावभट्टीला.
ढलप्या आमच्याच बॉयलरला, त्याची राख
गुंडुलाच्या कोबीला, आणि तो कोबी
आंबवून डिसेंबरात परत आमच्याकडे.
बारीक धूळ ओट्टोकारच्या फुफ्फुसांना
(हे खोडलं).

कोंड्याचा मांडा करत चार पिढ्या गेल्या.
वडिलांनी एक बोट करवतीला दिलं,
तेवढंच काय ते इथून वाया गेलेलं.

मग रकाना सात: नावीन्य.
किमान तीन पानं.
आपला प्रकल्प सद्यःस्थितीच्या पलीकडे कसा जातो?

रात्री अकरापर्यंत बसले होते.
सद्यःस्थिती खिडकीतून दिसत होती,
चंद्राच्या उजेडात, शेडमागे रचलेली:
चारशे घनमीटर निळं लाकूड.

भुंगेरा येताना पायांना बुरशी घेऊन येतो
आणि लाकूड निळं पडतं,
शाईचा हात धुतलेल्या पाण्यासारखं.
ताकद तेवढीच. खिळा तसाच धरतं.
पण गिऱ्हाईक फळी उलटतं, पालटतं,
म्हणतं, डाग आहे,
आणि निम्म्या भावात मागतं.

मुनीरनं त्यातलंच एक बाक केलं, लेकीसाठी.
ती त्यावर बोट फिरवत म्हणाली,
रंग कुणी दिला?
भुंगेऱ्यानं, मी म्हटलं.
तिनं जरा विचार केला.
त्याला पैसे दिलेत का?

हे लिहायचं का रकाना सातमध्ये?
तीन पानं तर नक्कीच भरणार नाहीत.

शेवटी लिहिलं: आमच्याकडे नवीन काही नाही.
लाकूड निळं आहे, एवढंच नवीन आहे,
आणि तेही आम्ही केलेलं नाही.
आपण कधी हातात घेतलं नसेल
म्हणून नमुना सोबत जोडत आहे.

वीतभर फळी, रंधा मारलेली, पाकिटात.
पोस्टातल्या बाईनं वजन केलं,
पाकीट नाकाशी नेलं,
आणि पुढच्या माणसाला थांबवून
पुन्हा एकदा नेलं.

उत्तर नोव्हेंबरात आलं. दोन ओळी.
प्रस्ताव निकषांत बसत नाही.
सहपत्र विहित नमुन्यात नाही, सबब ग्राह्य धरलेलं नाही.

फळी मात्र परत आली नाही.

मी पाकीट उलटं करून झटकलं,
थोडा भुसा पडला, आमचाच असावा.
म्हणजे ती तिथेच आहे, राजधानीत,
पाचव्या का सहाव्या मजल्यावर,
आणि मला खात्री आहे, कुणीतरी ती
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या
आखूड पायाखाली सरकवली आहे.

वापर झाला.
ओट्टोकारला सांगितलं तर तो इतका हसला
की खोकला थांबेना.
मुनीरनं पाणी आणलं.
मी पट्टा चढवला.